मदत हवी आहे: पुढून खटखट, स्टेअरिंग ढिलं आणि एस्टिमेट ३८ हजारांचं

सुदामानगरी
गाडी खड्ड्यात गेली की पुढून खटखट होते. स्टेअरिंग पहिल्यासारखं राहिलं नाही, डावीकडे ओढतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पाहिल्यासारखं केलं आणि ३८ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं: स्टेअरिंगचा रॅक, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, लिंक रॉड, टाय रॉड एंड, वर मजुरी. माझ्याकडे आत्ता दहाच्या आसपास निघतील. पुढच्या शनिवारी आईला ओंकारेश्वरला न्यायचंय. यातलं काय टाळता येईल? लवकर सांगा प्लीज.

चौदाचा_पाना
कुठली गाडी? किती चालली? आवाज कुठल्या बाजूने, सरळ जाताना की वळताना? डॉक्टरसमोर बसून नुसतं "दुखतंय" म्हणावं तसं झालं हे.

सुदामानगरी
स्विफ्ट. आवाज पुढून येतो, लिहिलंय की वर.

चौदाचा_पाना
साल?

सुदामानगरी
२०१३, डिझेल. एक लाख तीस हजार किलोमीटरच्या वर झालेत. आवाज डावीकडून. हळू चालवताना लहान लहान खड्ड्यांत जास्त. मोठ्या स्पीड ब्रेकरवर उलट येतच नाही, म्हणून तर डोकं चालेना.

तात्या_रामबाग
डिझेल आणि २०१३? विकून मोकळे व्हा. दहा वर्षांनंतर डिझेल बंदच आहे. सीएनजी घ्या, मी घेतली, सुखी आहे.

भिया_छप्पनवाले
तात्या, ते दिल्ली-एनसीआरचं. आपल्याकडे इंदूरला खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवता येते. त्यांची गाडी २०२८ पर्यंत चालेल. आणि त्यांनी विकू का असं विचारलंय कुठे?

मेकॅनिकल८४
लहान खड्ड्यात खटखट आणि रुंद ब्रेकरवर गप्प, मग आधी लिंक रॉड बघा. ब्रेकरवर दोन्ही चाकं सोबत उचलली जातात, स्टॅबिलायझर बारला (दोन्ही चाकांमधली, गाडी झुकू न देणारी दांडी) पीळ बसत नाही. एकच चाक खड्ड्यात उतरलं की बार पिळला जातो आणि त्याच्या टोकाचा झिजलेला लिंक वाजतो. खात्री करायची तर दोन्ही लिंक काढून गाडी गल्लीत हळू फिरवून आणायची. आवाज गेला तर चोर सापडला. (तशीच हायवेला काढू नका, वळणावर झुकते.)

मग पुढचं चाक उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, खाली स्टँड पाहिजे. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म चाकाशी जोडणारा सांधा. डावी-उजवीकडून धरून हलवताना प्ले आला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं बाहेरचं टोक), नाहीतर त्याच दांडीचा आतला रॅक एंड. रॅक एंड वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खा रॅक बदलत नाहीत.

चौदाचा_पाना
ब्रेकची युक्ती ठीक, पण बॉल जॉइंट खालून टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलल्याशिवाय नीट कळत नाही. आणि हा माणूस घरी स्टँड कुठून आणणार? त्यापेक्षा मेकॅनिकशेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, प्ले दाखव. दाखवता आला नाही तो पार्ट बदलायचा नाही.

पलासियावाली
सगळे आवाजामागेच लागलात. डावीकडे ओढतंय त्याचं काय? आमचीही अशीच ओढायची. पुढची दोन्ही टायरं अदलाबदल केली तर उजवीकडे ओढायला लागली, म्हणजे टायरच खराब. हवा पण तपासा. एक अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून बघा, सगळं सुटेल.

मेकॅनिकल८४
टायरचं बरोबर. अलाइनमेंट मात्र आधी नको, ताई. जॉइंट ढिले असताना केलेलं अलाइनमेंट चार खड्ड्यांत बिघडतं. पार्ट आधी, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

भिया_छप्पनवाले
इन्शुरन्स आहे ना? झिरो डेप (घसारा न कापणारा) असेल तर क्लेम टाका.

चौदाचा_पाना
झिजलेल्या पार्टचा क्लेम मिळत नसतो, भिया. अपघातातलं नुकसान असेल तर गोष्ट वेगळी.

सुदामानगरी, पैशाचं असं करा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांत प्ले निघाला तर उधार घ्या पण बदला, ओंकारेश्वरच्या वाटेवर भेरूघाटातल्या वळणावर बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. लिंक रॉड स्वस्त असतो, जोडीने टाका. शॉकअप तेल गाळत नसतील आणि गाडी डुलत नसेल तर चार महिने थांबतील. बदलाल तेव्हा दोन्ही सोबत. रॅक सगळ्यात शेवटी, आणि तोही कुणी प्ले दाखवला तरच.

तात्या_रामबाग
लोअर आर्मची नुसती रबरी बुश दाबून घ्या प्रेसवर, पैसे वाचतील.

मेकॅनिकल८४
बुशच गेली असेल तर हरकत नाही. पण त्याच आर्मचा बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच घ्या. नाहीतर पुन्हा उघडा आणि मजुरी दोनदा भरा.

तात्या_रामबाग
मीटरगेज रेल्वे होती तेव्हा एवढी भानगडच नव्हती. महूहून बसायचं, पातालपाणीचा धबधबा बघत जायचं, कालाकुंड स्टेशनला पळसाच्या पानातला कलाकंद घ्यायचा, आणि ओंकारेश्वर रोडला उतरायचं. घाटात स्टेअरिंग धरणं नाही, शॉकअपही नाही. आता गेज बदलायला घेतलंय तर तेही बंद.

भिया_छप्पनवाले
तो कलाकंद! तात्या, सकाळी सकाळी का छळता.

सुदामानगरी
देवास नाक्याजवळ एका मेकॅनिककडे गेलो, शेजारी उभा राहिलो. डावा लिंक हाताने हलत होता. डाव्या आर्मच्या बॉल जॉइंटला टॉमी लावली तर स्पष्ट प्ले. टाय रॉड दोन्हीकडचे ठीक. रॅकचा प्ले दाखव म्हटलं तर तोच म्हणाला, रॅक कुणी सांगितला तुम्हाला? दोन्ही लिंक आणि डावा आर्म, मजुरीसकट साडेपाच हजार. उजव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा आहे, ते दिवाळीनंतर जोडीने करू म्हणाला. आवाज पूर्ण गेला.

पण आता सरळ रस्त्यावर स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं राहतं. यात काही गडबड?

चौदाचा_पाना
अलाइनमेंट केलं का?

सुदामानगरी
त्याच्याकडे मशीन नाही. दुसरीकडे जा म्हणाला.

मेकॅनिकल८४
मग जा. आर्म बदलल्यावर चाकाचा कोन थोडा हलतोच. घाटाच्या आधी करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजेल.

पलासियावाली
आणि ओढणं थांबलं का ते अजून सांगितलंच नाहीत. टायर अदलाबदल केली होती का?