गाडीतला बुफर परत परत जळतोय, आठ महिन्यांत तीन गेले

डिकीतला_मालवणी
मंडळी जरा डोकं लावा, माझं चालायचं बंद झालंय. जुनी हॅचबॅक आहे, डिकीत १२ इंची सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, म्हणजे बुफर), सील बॉक्स, ३५० वॅट आरएमएस (सतत झेपणारी पॉवर), दोन कॉइल (आतली तारेची वेटोळी) ४-४ ओहमच्या. मोनो अँप (अ‍ॅम्प्लिफायर) ५०० वॅट आरएमएस २ ओहमला, कॉइल पॅरलल केल्यात म्हणजे लोड २ ओहमच येतो, बरोबर ना? पहिला गणपतीत गेला, दुसरा शिमग्याच्या आधी आणि तिसरा परवा मालवणहून कणकवलीला जाताना. दर वेळी तेच. आधी दोनेक महिने बेस मेल्यासारखा होत जातो, मग मी अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) थोडा वाढवतो, मग जळका वास आणि मग गप्प. दुकानदाराने पहिला वॉरंटीत दिला, दुसऱ्याला अर्धे पैसे घेतले, आता म्हणतो माल चांगलाच आहे, तूच झोडतोस. अँपला मात्र तिन्ही वेळा काहीही झालेलं नाही. बाकी डिकीत कधीकधी मासळीचा थर्माकोलचा बॉक्स असतो, त्याने बुफरला काही होत नसावं, बुफरचा बॉक्स उंचावर बसवलाय.

राजापूर_एक्स्प्रेस
८०० वॅटवाला घे, विषय संपला. ३५० मध्ये दम नसतो.

कुडाळचो_वायरमन
८०० वॅटचो पण जळतलो, फक्त पैशे जास्त जातले 😀
डिकीतल्या भावा, तिसरो जळलो तरी अजून मीटर लावलंस नाय? मेलेल्या बुफरच्या दोन्ही कॉइल सुट्ट्या करून ओहम बघ. ४ ओहमची चांगली कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवते. मग कोन (बुफरचा पुढचा हलणारा पडदा) दोन्ही हातांनी सरळ आत दाब, घासल्याचा आवाज येतो का, आणि कोनकडे जाणाऱ्या लवचिक वायरी तुटल्यात का. वायर तुटली असेल तर मार बसलाय, कॉइल काळी असेल तर भाजलाय, दोन्हीचं कारण वेगळं. आणि एक कॉइल उलटी जोडलेली नाही ना तेपण बघ. उलटी असली की दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आवाज येत नाही, आपण गेन वाढवतो आणि कोन न हलल्यामुळे कॉइल गार होत नाही, तशीच भाजते.

डिकीतला_मालवणी
बघितलं. एक कॉइल ओपन (आतून तुटलेली), दुसरी १.१ दाखवते. कोन दाबला तर खरखर. वायरी शाबूत, प्लस मायनस बरोबर जोडलेत. कॉइलचा वास अजून हाताला येतोय.

खाडीकाठ
म्हणजे भाजलाच. मला खटकतंय ते तुझं वाक्य, "बेस मेल्यासारखा होत जातो". बुफर हळूहळू असा मरत नाही रे, अँपला करंट कमी मिळतोय. अँपला व्होल्टेज कमी पडलं की त्याच्या आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात (यालाच क्लिपिंग म्हणतात), आवाज बोथट येतो, आपल्याला वाटतं कमी आहे म्हणून अजून पिळतो. बेस बूस्ट (अँपवरचं बेस वाढवायचं बटण) किती आहे? १२ डीबी वर असेल तर तू त्या पट्ट्यात सोळा पट पॉवर मागतोयस, हे लोकांना सांगून खरं वाटत नाही.

डिकीतला_मालवणी
बूस्ट फुल्ल आहे 🙈

राजापूर_एक्स्प्रेस
पण व्होल्टेज कमी तर पॉवर पण कमी ना? मग जळेल कसा, उलट वाचायला पाहिजे.

खाडीकाठ
चांगला प्रश्न. ढोबळ हिशोब कर, समज अँपला १३.८ ऐवजी ११.२ मिळाले तर ५०० चे ३३० च्या आसपास उरतील. पण हे स्वच्छ लाटेचे. गेन पिळून लाट पूर्ण चौकोनी केली की त्याच उंचीत दुप्पट पॉवर जाते, म्हणजे ६६० कडे. ३५० ची कॉइल ती सतत कशी घेणार. क्लिपिंगने बुफर मरतो असं जे म्हणतात ते अर्धवट आहे, मरतो तो गरमीने.

कुडाळचो_वायरमन
आता इंजिन चालू ठेवून बेस वाजव (कोणाचातरी बुफर उसना आण, आवाज बेताचा ठेव) आणि तीन ठिकाणी मोज. बॅटरीवर, अँपच्या टर्मिनलवर, आणि अँपचा ग्राउंड (त्याची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा) ते बॅटरीचा मायनस. शेवटच्यासाठी लांब वायर लागेल, बोनेटपासून डिकीपर्यंत. सगळे हाच रीडिंग टाळतात आणि गडबड हयच असता.

डिकीतला_मालवणी
बॅटरी १३.८, अँपवर ११.२ (खाडीकाठ तुम्ही ज्योतिषी आहात का), प्लसच्या वायरीत ०.५ आणि ग्राउंडमध्ये २.१!! मग डिकीचं मॅट उचललं. खाली ओलं, ग्राउंडचा बोल्ट आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पांढरट हिरवे, बोल्टखालचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटतोय. पापलेटच्या बॉक्समधलं बर्फाचं पाणी मॅटखाली जाऊन तिथेच साचत होतं. बुफर उंचावर ठेवला आणि ग्राउंड मारला सगळ्यात खालच्या खड्ड्यात.

कुडाळचो_वायरमन
तो बोल्ट सोडून दे. मॅटच्या वर बाजूच्या उभ्या पत्र्यावर नवीन जागा काढ, रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत लोखंड दिसू दे, लग नवीन, घट्ट आवळ, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्यात उघडा पत्रा लगेच गंज धरता.

खाडीकाठ
आणि महत्त्वाचं, ग्राउंड ठीक केल्यावर गेन तसाच ठेवून वाजवू नकोस, चौथा बुफर आठवड्याभरात जळेल. आता अँपला पूर्ण ताकद मिळणार आहे. बुफरच्या वायरी काढ, बूस्ट शून्य, स्टिरिओ पाऊण आवाजावर, इंजिन चालू, ५० हर्ट्झचा टोन लाव आणि अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोज. ३५० वॅट २ ओहमला म्हणजे २६ व्होल्ट. मी २४ वर थांबेन. लो पास (त्याच्या वरचे सूर बुफरकडे न जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास.

डिकीतला_मालवणी
झालं. ग्राउंडमध्ये आता ०.१, अँपवर १३.२. गेन शून्यापासून वर नेला तर पाव फेऱ्यातच २४ व्होल्ट आले, आधी माझा पाऊण फेऱ्यावर होता. उसना बुफर २५० वॅटचा आहे म्हणून त्याच्यासाठी २० वर ठेवलाय, आणि खरं सांगतो, बूस्ट नसतानाही आधीपेक्षा जास्त ठोकतोय. फक्त एक, ग्राउंडची वायर कापली तेव्हा आतून तांब्याऐवजी चंदेरी निघाली, वरून तांबडी. ही कसली?

कुडाळचो_वायरमन
तांब्याचो मुलामो दिलेली अ‍ॅल्युमिनियम. प्लसची पण तीच असणार, तुझा ०.५ तिथेच जातोय. एवढ्या जाडीला ती कमी करंट नेते आणि ओल लागली की टोकाला पांढरी भुकटी होते. दोन्ही बदल, पूर्ण तांब्याची ४ गेज जाडीची घे, बॅटरीजवळचो फ्यूज विसरू नको. आणि पापलेट मागच्या सीटवर ठेव.

डिकीतला_मालवणी
मागच्या सीटवर बायको बसते. प्लास्टिकचा ट्रे घेतो.