इलेक्ट्रिक गाडीलाही रस्ता लागतोच

सगळ्या गाड्या विजेवर आल्या की पुण्याचा वाहतुकीचा प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात. चौकातला धूर कमी होईल, मान्य. पण विजेवरची मोटारही पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडवते. शिवाय राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावरच बनते. म्हणजे आपला धूर औष्णिक वीजकेंद्रांशेजारी राहणाऱ्या चंद्रपूर-कोराडीकरांच्या वाट्याला.

बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखण्याचा, देशातला पहिला प्रयोग आपलाच, २००६ सालचा, कात्रज-स्वारगेट-हडपसर. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना द्या, हे सांगणारं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही त्याच वर्षीचं. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, २००० च्या डिसेंबरात अशी बस सुरू झाली. तेही काही श्रीमंत शहर नव्हे, पण तिथे फुटपाथ आणि सायकलमार्गही त्याच सुमारास बांधले गेले. आपण लेन आखली आणि ती दुचाकीवाल्यांना आंदण दिली. (मीही घुसलोय, खोटं कशाला बोलू.)

परवा मेट्रोतून उतरून घरी चालत निघालो. फुटपाथवर आधी विजेच्या डीपीचा खोका, मग तिरप्या लावलेल्या तीन स्कूटर, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. माझ्यापुढची बाई एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पोरगं धरून सरळ रस्त्यावर उतरली. मागून बसचा हॉर्न. ती उद्या हप्त्यावर स्कूटर घेईल, आणि ती विजेवरची असली तरी लावणार कुठे? त्याच फुटपाथवर ना!