वारंवार पोट बिघडणं: दातांना दोष देण्याआधी

दीड वर्षाच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी जुलाब होतात आणि घरचे दातांवर ढकलतात, असं तुम्ही लिहिलंय. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते. पण महिनोन्महिने जुलाब दातांमुळे होत नाहीत.

आधी तो दिवसभरात काय काय पितो ते लिहून काढा. फळांचा रस, विशेषतः सफरचंदाचा किंवा नासपतीचा, हे नेहमी आढळणारं कारण. त्यातलं फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल (फळांतले गोड घटक) पूर्ण शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं आणि शी पातळ होते, त्यात अन्नाचे तुकडेही दिसतात. मूल खेळतंय, वजन नीट वाढतंय, तर बहुतेकदा हेच असतं. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मिलीपेक्षा जास्त रस नकोच. आम्ही तर पूर्ण बंद केला आणि आठवड्याभरात फरक पडला.

दुसरं कारण चटकन लक्षात येत नाही: बद्धकोष्ठता. कडक खडा आत अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. जुलाब समजून ते थांबवायचं औषध दिलं तर त्रास वाढतो, म्हणून मनाने काही देऊ नका.

मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे दूध न पचणंही होतं. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी शीच्या तपासणीत कळतो. सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) शंका असेल तर रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर अहवाल चुकीने नॉर्मल येऊ शकतो.

शीमध्ये रक्त, घटतं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा लघवी कमी झाली, तर अजिबात थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.