लेम्नातलं कॅडमियम: रोपाने ओढलेलं किती आणि जिवाणूंनी धरलेलं किती? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लेम्ना मायनरवर (पाण्यावर तरंगणारी चिमुकली वनस्पती, डकवीड) काम करतेय; ती पाण्यातला कॅडमियम हा विषारी धातू किती ओढते ते बघायचंय. एका संचात साधी रोपं, दुसऱ्यात सोडियम हायपोक्लोराइटने जिवाणूमुक्त केलेली. पाण्यातलं कॅडमियम दोन्हीकडे घटतं, साध्या संचात जास्त. सर म्हणतात, "जिवाणूंची करामत, लिहून टाक." मला ते इतकं सरळ वाटत नाही. मुळांवरच्या बुळबुळीत बायोफिल्मवर (जिवाणूंच्या थरावर) ऋणभार असतो, कॅडमियमचे आयन तिथेच चिकटू शकतात. मग पाण्यातलं कमी झालं तरी पेशीत गेलं असं कसं म्हणायचं? उलट, काही जिवाणू ऑक्सिन (वाढीचं संप्रेरक) बनवून रोपाला तगवतात, त्यामुळे रोपच जास्त ओढत असेल. त्यात हायपोक्लोराइटचा तडाखा खाल्लेली रोपं आधीच मलूल, कडा पिवळ्या. तुलना तरी कशाशी करू? हाताशी फक्त एएएस (धातूचं एकूण प्रमाण मोजणारं यंत्र) आहे.

प्रतिसाद १:
शंका रास्त आहे. रोपं काढल्यावर थंड ईडीटीएच्या (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात थोडा वेळ खळबळून घ्या. ते द्रावण आणि रोपं वेगवेगळी मोजा. द्रावणात उतरलं ते वरवरचं, रोपात राहिलं ते बहुतेक आतलं, म्हणजे फायटोकिलेटिनने (रोपाच्या धातू बांधणाऱ्या रेणूंनी) बांधून पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंबलेलं. उकळून मारलेल्या रोपांचा कंट्रोल अनेकजण सुचवतील, पण पेशीपटल फुटलं की आतल्या जागाही उघड्या पडतात आणि चिकटलेला धातू फुगवून दिसतो. रोपाविना एक फ्लास्क मात्र हवाच, काचही धातू धरते.
तडाख्याचं म्हणाल तर जिवाणूमुक्त रोपं काही पिढ्या वाढू द्या. लेम्ना जुन्या रोपाला नवे कोंब फुटून वाढते, नव्या फ्रॉन्डने (पानासारख्या भागाने) हायपोक्लोराइट पाहिलेलंच नसतं. मग त्यातल्याच अर्ध्यांना मूळचे जिवाणू परत द्या. जिवाणूमुक्त रोपं चुरडून अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) लावून बघा, आत दडलेले असतात. आणि मीडियम (रोपं वाढवायचं पोषक द्रावण) कुठलं? स्टाइनबर्ग नावाच्या मीडियममध्ये मुळातच ईडीटीए असतं, ते कॅडमियम अडकवून ठेवतं.

धागाकर्ती:
स्टाइनबर्गच आहे! म्हणजे मोकळं कॅडमियम मी धरलं त्याहून कमी. जिवाणू परत देताना ओडी (द्रावणाचा गढूळपणा, म्हणजे जिवाणूंच्या संख्येचा अंदाज) सारखी केली की पुरे?

प्रतिसाद १:
ओडी सारखी कराच, पण आधी सेंट्रिफ्यूज करून जिवाणू ताज्या मीडियममध्ये धुऊन घ्या. नाहीतर ब्रॉथमधलं (जिवाणू वाढवलेल्या द्रवातलं) पेप्टोन, म्हणजे प्रथिनांचे तुकडेच कॅडमियम धरेल आणि श्रेय जाईल जिवाणूंना. ईडीटीए दोन्ही संचांत सारखंच ठेवा.