चार्जवरच्या फोर्सवरून इलेक्ट्रिक फील्ड, उत्तर जुळेना

फिजिक्सग्रस्त: २ मायक्रोकूलॉमचा पॉझिटिव्ह चार्ज, वेग (व्ही) ३००० मीटर प्रति सेकंद एक्स दिशेत, मॅग्नेटिक फील्ड (बी) ०.५ टेस्ला झेड दिशेत, एकूण फोर्स ०.००५ न्यूटन वायच्या दिशेत. इलेक्ट्रिक फील्ड (ई) काढायचंय. फोर्स भागिले चार्ज २५०० येतंय, पण पुस्तकात ४००० दिलंय, कसं काय?

नानाचा_वाडा: अरे २५०० मध्ये मॅग्नेटिक फोर्सपण आलाय ना, तो वजा कर. व्ही क्रॉस बी घे (व्हेक्टर गुणाकार, दिशेसकट), एक्स क्रॉस झेड म्हणजे मायनस वाय, म्हणून मायनस १५००, आणि मायनस वजा केलं की प्लस, झाले ४०००, प्लस वायकडे, न्यूटन प्रति कूलॉम. दिशा न बघता नुसते आकडे वजा करतात आणि १००० लिहून येतात पोरं.

फिजिक्सग्रस्त: ओके कळलं. आणि इलेक्ट्रॉन असता तर?

कोल्हापुरी_मिसळ: फोर्सला मायनस चार्जने भागायचं, व्ही क्रॉस बी तसंच राहतं, चार्ज त्यात येतच नाही. आणि फोर्स शून्य दिला असेल तर चार्ज लागतच नाही, वेग आणि बी काटकोनात असले की ई म्हणजे व्ही गुणिले बी. शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये कॅथोड किरणांचा (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताचा) वेग याच युक्तीने, ई भागिले बी करून काढला, सीईटीला हमखास विचारतात हे.