काळ्या कांतीला 'आबनुसी' म्हणावं का?

शब्दवेडी: एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करतेय. नायिका आफ्रिकन वंशाची, तिची त्वचा 'एबनी', म्हणजे आबनूस या झाडाच्या काळ्या लाकडासारखी. मी 'आबनुसी कांती' लिहिलं, संपादकांनी खोडून 'सावळी' केलं. मला मुळीच पटलेलं नाही. काळ्याला काळं म्हणायची आपल्याला इतकी धास्ती का? आबनूस फारसीतून आलेला, मागे ग्रीक 'एबेनॉस', त्याच्याही मागे प्राचीन इजिप्तमधलं नाव. शब्द निघालाच आफ्रिकेतून. ठेवला तर बिघडलं कुठे?

घोंगडी: बिघडतं. आबनूस म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. केस काळेभोर, डोह काळाशार, अंधार काळामिट्ट, तेल लावलेली मूर्ती काळी कुळकुळीत. एवढी श्रीमंती घरात असताना उसनं कशाला?

शब्दवेडी: 'काळीकुळकुळीत' मी बघायच्या कार्यक्रमात ऐकलंय, स्वतःबद्दल. मूर्तीला शोभतो तो शब्द माणसाला लागतो. म्हणून मला कोरा शब्द हवाय.

रानवाटा: आणि आबनूस परका कसा? आमच्या गडचिरोलीत त्याच्याच कुळातली टेंभुर्णी रानोरान आहे. तेंदूपत्ता म्हणून पानं सगळ्यांना ठाऊक, लाकडाकडे कोणी बघत नाही. साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. जुनं खोड कापलं की कडेचं लाकूड फिकट गुलाबीसर, आणि मधोमध काळा, जडशीळ गाभा. 'टेंभुर्णीच्या गाभ्यासारखी' लिहा की.

सहा तारा: आबनूसही आख्खा काळा नसतोच. गिटारच्या तारांखालच्या पट्टीला ठार काळं लाकूड हवं, म्हणून कॅमेरूनमध्ये झाड पाडायचे आणि गाभ्यात पट्टे दिसले की रानातच टाकून द्यायचे. २०११ मध्ये टेलर या गिटार कंपनीने भागीदारीत तिथली गिरणी घेतली, तेव्हापासून ते पट्टेदार लाकूडही वापरतात. 'एबनी म्हणजे ठार काळा' हा गिऱ्हाइकाचा हट्ट आहे.

जुनी पानं: कोरा तर तो नाहीच, ताई. गुलामांच्या व्यापारात फ्रेंच व्यापारी माणसांनाच 'बोआ देबेन' म्हणायचे, म्हणजे आबनुसाचं लाकूड. जहाजात माणसं भरायची आणि नाव मालाचं द्यायचं.

शब्दवेडी: हे वाचून हात थांबला. तरी विचारते, १९४५ साली शिकागोत जॉन एच. जॉन्सन यांनी काळ्या अमेरिकनांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव 'एबनी'च होतं. पत्नी युनिस यांनी सुचवलेलं. त्यांनी तो शब्द अभिमानाने मिरवला.

जुनी पानं: स्वतःसाठी घेतला त्यांनी. तुमच्या कादंबरीत तो कोणाच्या तोंडी आहे?

शब्दवेडी: आत्ता पान काढून बघितलं. गोऱ्या घरमालकाच्या. भाडं ठरवताना तिच्या हातांकडे बघत म्हणतो.

जुनी पानं: मग 'आबनुसी' त्याच्याच तोंडी राहू द्या. निवेदनात नको.

घोंगडी: निवेदनात 'काळी तुकतुकीत' लिहा. कुणाला लागणार नाही, आणि सावळीही होणार नाही.

रानवाटा: माझं मत अजून टेंभुर्णीलाच.