विद्युत आवेग संपर्कस्थानापाशी येऊन रसायनात का बदलतो?

जीवशास्त्र_अकरावी

नमस्कार. अकरावीच्या मुलांना चेतासंस्था शिकवताना एका मुद्द्यावर माझे स्वतःचेच समाधान होत नाही, म्हणून येथे विचारत आहे. अक्षतंतूतून (चेतापेशीच्या लांब धाग्यातून) धावत आलेला आवेग विद्युत स्वरूपाचा असतो आणि पुढच्या पेशीतही तो विद्युत बदलाच्याच रूपाने उमटतो. मग मधल्या अवघ्या २० ते ४० नॅनोमीटरच्या फटीसाठी रसायन सोडायचे, ते पलीकडे पोहोचवायचे आणि तेथे पुन्हा विद्युत बदल घडवायचा, एवढा खटाटोप कशासाठी? प्रत्येक संपर्कस्थानावर (चेतापेशी पुढच्या पेशीला भेटते त्या जागी) साधारण अर्धा मिलिसेकंद खर्च होतो. पेशी थेट जोडलेल्या असत्या, तर तोही वाचला असता. ‘संदेश एकाच दिशेने जावा म्हणून’ हे उत्तर मला ठाऊक आहे, पण तेवढ्यासाठी एवढी यंत्रणा उभी राहिली असेल, असे वाटत नाही.

चेतातंतू

आपली शंका रास्त आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संदेश फटीपलीकडे विद्युतप्रवाहाने जातो की रसायनाने, यावरून नामवंत शास्त्रज्ञ दोन गटांत विभागले गेले होते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस चेता उद्दीपित करून त्याचे ठोके मंद केले, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि तेही मंदावले. चेतेच्या टोकातून एखादा पदार्थ बाहेर पडतो, हे त्यातून दिसले. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही हृदयावरचा हा परिणाम संथ असल्यामुळे, मज्जारज्जूतल्या वेगवान व्यवहाराला रसायन पुरे पडणार नाही, असे अनेकांचे ठाम मत होते, आणि जॉन एकल्स हे त्यांतले अग्रणी होते.

१९५१ मध्ये न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या प्रेरक (स्नायूला आदेश देणाऱ्या) चेतापेशीत काचेचा अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घातला आणि तिला रोखणारा संदेश पाठवला, तेव्हा त्या पेशीचा आतला विद्युतदाब आणखी ऋण झालेला आढळला. विद्युतप्रवाह सरळ पुढे वाहत असता, तर असे घडण्याचे कारण नव्हते. एकल्स यांनी अनेक वर्षे लावून धरलेले आपले मत सोडले आणि रासायनिक सिद्धान्त स्वीकारला. एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचे याहून चांगले उदाहरण मला तरी सुचत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगातच आहे. थेट जोडणीतून येणारा आवेग पुढच्या पेशीला प्रामुख्याने उद्दीपितच करू शकतो. रसायनामुळे मात्र ‘थांब’ हा संदेशही देता येतो. गुडघ्याखाली हातोडीने ठोकल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूला आकुंचनाचा आदेश एकाच संपर्कस्थानातून मिळतो, पण त्याच वेळी मागच्या स्नायूच्या प्रेरक पेशींना आवरावे लागते. त्यासाठी मध्ये एक छोटी चेतापेशी असते, ती ग्लायसीन हे रसायन सोडते, आणि ग्लायसीनमुळे पुढच्या पेशीच्या पटलातल्या (आवरणातल्या) ऋणभारित क्लोराइडच्या वाटा उघडतात. आत आलेला आवेग ‘चालू कर’ असा असतो, बाहेर पडणारा परिणाम ‘थांब’ असा असतो. एकेका प्रेरक पेशीवर अशी हजारो संपर्कस्थाने असतात आणि दोन्ही प्रकारच्या परिणामांची बेरीज-वजाबाकी होऊन पेशी आवेग सोडायचा की नाही, ते ठरते.

दुसरा लाभ वर्धनाचा आहे. चेतेचे टोक इवलेसे आणि स्नायुतंतू त्या मानाने प्रचंड. टोकातला प्रवाह थेट तेथे पोहोचला असता, तरी एवढ्या मोठ्या पटलावर पसरून निष्प्रभ झाला असता. प्रत्यक्षात आवेग टोकाशी आला की कॅल्शियमच्या वाटा उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असल्यामुळे ते वेगाने आत शिरते, आणि ॲसिटिलकोलिन या रसायनाने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पटलाला चिकटून फटीत रिकाम्या होतात. एकेका पुटिकेत काही हजार रेणू असतात. हे रसायन ठरावीक ‘पुड्यां’मध्येच सुटते, हे बर्नार्ड कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात दाखवले.

वेळेचे म्हणाल, तर गुडघ्याच्या त्या प्रतिक्षिप्त क्रियेत आवेगाला जाऊन-येऊन साधारण मीटरभर अंतर कापावे लागते. सेकंदाला १०० मीटर वेग धरला, तरी त्यात दहा मिलिसेकंद जातात. त्यापुढे अर्धा मिलिसेकंद फार नाही.

प्रयोगशाळा_सहायक

वरच्या उत्तराला एक पुरवणी. थेट जोडणी निसर्गात अस्तित्वात आहेच. फर्शपान आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्यात अशा विद्युत संपर्कस्थानाचे सविस्तर वर्णन केले. तेथे दोन पेशींमधले अंतर जेमतेम तीन-चार नॅनोमीटर असते आणि सूक्ष्म नलिकांनी ते जोडलेले असते. झटक्यात पळून जाण्यासाठी किंवा अनेक पेशींनी एकाच तालात काम करण्यासाठी ती उत्तम. आपल्या डोळ्यांतल्या दृष्टिपटलातही ती आहेत.

जीवशास्त्र_अकरावी

मनःपूर्वक आभार. फटीच्या अलीकडची आणि पलीकडची यंत्रणा निरनिराळी आहे, हे मुलांना कोणत्या उदाहरणाने दाखवावे?

तालुक्याचा_डॉक्टर

नाग आणि मण्यार यांचे उदाहरण द्या. आपल्याकडच्या मुलांना हे दोन्ही साप माहीत असतात. दोघांच्याही दंशाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. कारण मात्र वेगळे असते.

नागाच्या विषातले चेताविष फटीच्या पलीकडे, स्नायूवरच्या ग्राहींना (रसायन पकडणाऱ्या प्रथिनांना) जाऊन चिकटते. चेतेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटत असते, पण त्याला जागा मिळत नाही. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन हे औषध दिले, तर ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) अडते, फटीत त्याचे प्रमाण वाढते आणि काही ग्राही विषाच्या तावडीतून सुटतात. सोबत ॲट्रोपिन द्यावे लागते, कारण वाढलेले ॲसिटिलकोलिन हृदयाची गतीही मंदावते.

मण्यारच्या विषाचा मुख्य घाव अलीकडच्या बाजूला बसतो. ते चेतेच्या टोकातल्या पुटिका रित्या करते आणि ते टोकच नष्ट करते. सोडायला रसायनच उरले नसेल, तर त्याचे विघटन थांबवून फारसे काही साधत नाही, म्हणून निओस्टिग्मिनचा येथे सहसा उपयोग होत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, मोडलेली टोके जोडत नाही. ती पुन्हा वाढेपर्यंत कित्येक दिवस रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागू शकते, आणि तेवढा काळ श्वास चालू ठेवता आला, तर तो पूर्ण बरा होऊ शकतो.